फक्त ८१९२ होऊ दे, मग सोडते

या वेळचं पत्र कराड भागातून आलं आहे. ओळख पटेल असा मजकूर काढून आणि थोडं आखडून देते.

«नमस्कार ताई,

माझं वय ४३. घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, लहान मुलींची परकर-पोलकी. हाताखाली कुणी नाही. मिस्टर पतसंस्थेत नोकरीला आहेत, मुलगा यंदा दहावीला.

गेल्या दिवाळीनंतर मिस्टरांच्या छातीत दुखायला लागलं. अँजिओप्लास्टी झाली. दोन रात्री ते आयसीयूत आणि मी बाहेर बाकड्यावर. वेळ जावा म्हणून भाच्याने माझ्या मोबाइलवर २०४८ नावाचा गेम टाकून दिला. चार बाय चारचा पट. बोटाने सरकवायचं, सारखे दोन आकडे एकमेकांवर आले की त्यांची बेरीज होते. २ आणि २ चे ४, ४ आणि ४ चे ८. एवढंच. त्या दोन रात्री मी तेच करत बसले.

आता मिस्टर बरे आहेत, कामावर जातात. गेम मात्र सुटला नाही. सगळे झोपले की साडेअकराला घेते, दीड-दोन कधी वाजतात कळत नाही. (मध्येच मिस्टरांचं घोरणं थांबलं की मान वर करून बघते आणि परत खेळायला लागते.) दिवसाही एक बाही लावली की एक डाव. तीनदा मोबाइलमधून काढून टाकला, तीनदा परत घेतला. डोळे मिटले तरी आकडे सरकताना दिसतात. परवा चौकड्यांचं कापड बेतायला पसरलं तर नजर त्यात जोड्या शोधायला लागली, घाबरलेच मी.

मागच्या महिन्यात एका लग्नाचे तीन ब्लाउज वेळेत झाले नाहीत. हळदीच्या दिवशी सकाळी दिले आणि एकाच्या बाह्या उलटसुलट लागलेल्या. मशीन बिघडलं होतं असं गिऱ्हाइकाला सांगितलं. मुलाला मोबाइल बघण्यावरून बोलले तर म्हणाला, "आई, तू तरी मला बोलू नकोस."

माझं ४०९६ झालंय. आता फक्त ८१९२ एकदा होऊ दे, मग सोडते, असं ठरवलंय. हे व्यसन आहे का? लोकांना दारूची असतात, मला आकड्यांचं, सांगायचीही लाज वाटते.

ता. क. ८१९२ होतं का हो कुणाचं?»

तुमचं पत्र आलं आणि मी तो गेम माझ्या मोबाइलवर घेतला. चार दिवस खेळले. तुम्ही कशाबद्दल लिहिताय ते हाताला कळल्याशिवाय उत्तर द्यायचं नव्हतं. सगळ्यात आधी तुमच्या त्या ‘फक्त’बद्दल बोलू, कारण तुमच्या रात्री तिथेच जातायत.

तुमच्या टेबलाखाली उरलेल्या अस्तराचा एखादा तुकडा असेलच. तो घ्या आणि मधोमध घडी घाला. दोन पदर झाले. पुन्हा घडी घाला, चार. मग आठ, सोळा. पाचव्या घडीला बत्तीस पदर होतात, सहाव्या घडीला चौसष्ट, आणि सातवी घडी तळहाताने दाबून धरली तरी उसळून वर येते. कात्री चालणार नाही इतका जाड गठ्ठा होतो. अशी अकरावी घडी घालता आली असती तर २०४८ पदर झाले असते. बारावीला ४०९६. तुम्ही तिथे पोचलात. आता त्यावर आणखी एकच घडी घालायची आहे असं तुम्हाला वाटतंय. शिवणाऱ्या बाईला हे मी सांगायला नको, त्या एका घडीत आधीच्या सगळ्या घड्यांचे मिळून जेवढे पदर झाले, तेवढेच पुन्हा घालायचे असतात.

गेममध्येही नेमकं तेच होतं. प्रत्येक वेळी बोट सरकवलं की पटावर एक नवा ठोकळा येतो. दहातल्या साधारण नऊ वेळा तो २ चा असतो, एखाद्या वेळी ४ चा. म्हणजे एका चालीला सरासरी २.२ ची भर. ठोकळे एकमेकांत मिसळले तरी पटावरची एकूण बेरीज तेवढीच राहते, त्यामुळे हिशोब सरळ आहे. २०४८ पर्यंत जायला ९३० च्या आसपास चाली लागतात. ४०९६ ला १,८६० आणि ८१९२ ला सुमारे ३,७२०. घड्याळ लावून पाहिलं तर विचार करत खेळताना मला एका चालीला दोन सेकंद लागत होते. तुमचा हात माझ्यापेक्षा सरावलेला असेल, तरी दोन सेकंद धरू. ३,७२० चाली म्हणजे दोन तासांहून थोडं जास्तच.

साडेअकराला बसलात तर दीड वाजणारच. तुम्हाला वेळेचं भान राहत नाही वगैरे काही नाही, त्या आकड्याचा भावच तेवढा आहे. आणि हेही एकही चूक न होता. एक वाजता पट भरून डाव संपला, तर पुन्हा पहिल्या २ पासून सुरुवात. त्या वेळी मनात येतं, ‘आत्ता तर इतक्या जवळ आले होते.’ जवळ आलेलो नसतोच आपण. पटावर पहिला ४०९६ होतो तेव्हा अर्धी वाट सरलेली असते आणि अर्धी पुढे असते. ८१९२ नंतर १६३८४ आहे. या चार बाय चारच्या पटावर जास्तीत जास्त १३१०७२ पर्यंत जाता येतं, तेही केवळ हिशोबाने. तिथे जायला जवळपास ६०,००० चाली लागतील, दोन सेकंदांना एक धरली तर ३३ तास. म्हणून ‘८१९२ होऊ दे, मग सोडते’ हा ठराव मला मान्य नाही. ८१९२ च्या रात्रीही तुम्ही १६३८४ कडे बघतच झोपाल. कधी सोडायचं हे गेमच्या आकड्यावर ठेवू नका, घड्याळाच्या आकड्यावर ठेवा.

हा गेम तुम्हाला अडकवायला कुणी बनवलेला नाही, हेही सांगते, कारण पत्रात तुम्ही त्याच्याबद्दल एखाद्या दुश्मनाबद्दल बोलावं तसं बोलता. मार्च २०१४ मध्ये गाब्रिएले चिरुली नावाच्या १९ वर्षांच्या इटालियन मुलाने तो शनिवार-रविवारच्या सुट्टीत बनवला. आपल्याला शून्यापासून गेम लिहिता येतो का, एवढंच त्याला बघायचं होतं. आठवडाभराच्या आत चाळीस लाखांहून जास्त वेळा लोकांनी तो उघडला, आणि मुलगाच चकित झाला. कल्पना सगळी त्याची नव्हती. त्याच्या महिनाभर आधी ‘थ्रीज’ नावाचा असाच आकडे जुळवायचा गेम आला होता. तो बनवणाऱ्या आशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड या दोघांनी त्यावर चौदा महिने घासून काम केलं होतं. चौदा महिन्यांची मेहनत बाजूला राहिली आणि दोन दिवसांचा गेम जगभर गेला, याचं त्यांना वाईट वाटलं. मला त्यांची बाजू पटते. तुमचा नमुना बघून शेजारणीने आठवड्यात दुकान थाटलं तर कसं वाटेल, तसंच ते.

चिरुलीने गेमचा सगळा कोड खुला ठेवला, त्यामुळे आज मोबाइलवर २०४८ नावाचे ढिगाने गेम मिळतात. काहींत डाव संपला की जाहिरात बघायला लावतात, काहींत जाहिरात बघितली की चाल मागे घेता येते. तुमचा त्यातला असेल तर बदला. जाहिराती नसलेला साधा गेम घ्या. चाल मागे घेता येणारा गेम डाव संपूच देत नाही, आणि तुम्हाला तर डाव संपायला हवा आहे.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात एक वाक्य कंसात आहे. मिस्टरांचं घोरणं थांबलं की मान वर करून बघते, हे. मला वाटतं, तुमचं सगळं पत्र त्या कंसात आहे.

माझ्या वडिलांना पंचवीसेक वर्षांपूर्वी असंच दवाखान्यात ठेवलं होतं. ते घरी आल्यावर आई रात्री गादीवर पत्ते मांडून पेशन्स खेळायची. दिवा बारीक करून, एकटीच. बावन्न पत्ते लावायचे, मोडायचे, पिसायचे, परत लावायचे. आम्ही भावंडं चिडायचो. बाबा आजारी आणि हिला पत्ते सुचतायत, असं मी तिला तोंडावर बोललेही आहे. दोन-तीन वर्षांनी एकदा भाजी निवडता निवडता ती सहज म्हणाली, "हातात काही नसलं की त्यांचा श्वास मोजत बसायचे गं. मोजता मोजता चुकायचे आणि धस्स व्हायचं." आम्ही कुणीही तिला कधी विचारलं नव्हतं. तुमचा कंस वाचला आणि ती गादी, ते पत्ते माझ्या डोळ्यांसमोर आले.

तुम्ही जागता, कारण पहाऱ्याला बसला आहात. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर जी सुरू झाली ती पाळी अजून कुणी येऊन बदललेली नाही. मिस्टर घरी आले, कामावर जायला लागले, तुम्ही मात्र त्या बाकड्यावरून उठलेल्या नाहीत. गेम हातात असतो, म्हणून जागरण गेमच्या नावावर जमा होतंय.

त्या दोन रात्री तुम्हाला तो गेम लागला, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उलट तुमच्या मनाने स्वतःसाठी औषध शोधलं. ऑक्सफर्डमध्ये एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग मांडला होता. लोकांना अंगावर येणारी दृश्यं दाखवली आणि नंतर काही जणांना टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे फिरवून ओळींत बसवायचा गेम, खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात त्यांना ती दृश्यं अवचित आठवून दचकायला होण्याचं प्रमाण कमी राहिलं. पुढे त्यांनी खऱ्या दवाखान्यात, अपघात विभागात, रस्त्यावरच्या अपघातातून आलेल्या ७१ जणांबरोबर हे करून पाहिलं. तिथेही ज्यांना टेट्रिस दिला, त्यांना अपघाताची चित्रं कमी वेळा आठवली. आकार आणि जागा यांचा मेळ घालण्यात मन गुंतलं की भयंकर चित्र पक्कं व्हायला त्याच्याकडे जागा उरत नाही, अशी त्यामागची मांडणी. तो टेट्रिस, तुमचा २०४८, दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही. पण नळ्या लावलेल्या नवऱ्याचं चित्र मिटायला तुम्ही ठोकळे हलवत होता, हे मला पटतं. तेव्हा त्याने काम केलं. आज चित्र समोर नाही, भीती आहे. भीतीवर ठोकळ्यांचा इलाज चालत नाही, त्याखाली ती नुसती झाकली जाते आणि रोज रात्री परत उघडी पडते.

चौकड्यांच्या कापडाला घाबरू नका. २००० साली हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी काही जणांना तीन दिवस टेट्रिस खेळायला दिला होता. झोप लागता लागता बऱ्याच जणांना ठोकळे पडताना दिसायला लागले. त्यांत काही माणसं अशी होती की आजारामुळे त्यांना नवं काही लक्षात राहायचं नाही, आपण गेम खेळलो हेच ती विसरायची. त्यांतल्याही काहींना ठोकळे दिसले. दिवसभर जे एकाग्र होऊन करावं, ते मेंदू झोपेच्या उंबरठ्यावर घोळवतो. लग्नसराईत दिवसाला आठ ब्लाउज काढलेत की झोपेत हुक दिसत असतील तुम्हाला, तसंच समजा. खेळणं कमी झालं की हे आपोआप ओसरतं.

व्यसन आहे का, असं तुम्ही विचारलंय. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत गेमिंगच्या विकाराची नोंद केली आहे, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन गोष्टी बघतात. खेळण्यावर ताबा उरत नाही. खेळ बाकी सगळ्याच्या पुढे जातो. नुकसान दिसत असूनही माणूस खेळतच राहतो. आणि हे साधारण बारा महिने चालावं, घर, नोकरी, नाती यांची ठळक पडझड व्हावी, तेव्हा ते नाव लावतात. तुमच्यात खुणा अजिबात नाहीत असं मी म्हणणार नाही. तीनदा काढून तीनदा घेणं ही खूणच आहे. पण वर्ष झालेलं नाही, मशीन चालू आहे, घर चालू आहे, आणि तुम्ही स्वतः पत्र लिहिलंत. त्यामुळे मी तुमच्यावर तो शिक्का मारणार नाही, आणि तुम्हीही मारून घेऊ नका. महिनाभर खाली सांगते तसं करून बघा. तरीही रात्री हात मोबाइलकडे गेलाच, किंवा गेम नसतानाही झोप येईना, छाती धडधडायला लागली, तर १४४१६ वर फोन करा. मानसिक त्रासासाठीची केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे ही, २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र असते, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. तिथे ‘गेम’ऐवजी ‘नवऱ्याच्या आजारपणापासून झोप नाही’ असं सांगितलंत तरी चालेल, कारण खरं तेच आहे.

पहिलं काम मिस्टरांशी बोलायचं. घोरणं थांबलं की तुम्ही उठून बघता, हे त्यांना ठाऊक नसणार. सांगा. ते कदाचित हसण्यावारी नेतील, पुरुष या बाबतीत तसंच करतात. तरी सांगा. पुढच्या तपासणीला त्यांच्याबरोबर तुम्हीही आत जा, आणि जाताना कागदावर प्रश्न लिहून न्या. कुठल्या दुखण्याकडे लक्ष द्यायचं, कुठलं सोडून द्यायचं, रात्री काही झालं तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, ते घोरणं मध्येच थांबतं ते चालतं का. हा शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा. झोपेत श्वास अडण्याचा त्रास काहींना असतो, त्याची तपासणी होते. डॉक्टर म्हणाले की काळजीचं नाही, तर तुमची अर्धी ड्यूटी तिथेच संपेल. काळजीचं निघालं, तर मान वर करून बघण्यापेक्षा बरा इलाज मिळेल. घरी आल्यावर १०८ हा नंबर, डॉक्टरांचा नंबर आणि औषधांची यादी कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. मुलालाही दाखवा. पहारा एकटीने करायचा नसतो.

मग मोबाइल. रात्री साडेदहाला तुमचा आणि मुलाचा, दोन्ही मोबाइल स्वयंपाकघरात, मिक्सरच्या प्लगपाशी चार्जिंगला. उशाशी मिस्टरांचा मोबाइल राहू दे, त्यात गेम टाकायचा नाही. नाहीतर ‘रात्री फोन लागला तर?’ या धास्तीने तुम्ही आपला उशाशी आणाल आणि बोट आपोआप तिकडे जाईल.

दिवसाचं वेगळं आहे. एक बाही लावली की एक डाव, ही सवय कुठून आली ते मला समजतं. सुईच्या टोकाकडे बघून डोळे थकलेले असतात, पाठ आखडलेली असते, शरीर थांबा म्हणत असतं. पण त्या थांब्यात तुम्ही पुन्हा वीतभर अंतरावरच्या पडद्याकडे बघता, मानही तशीच खाली. विश्रांती अशी मिळतच नाही, म्हणून पुढच्या बाहीनंतर पुन्हा थांबावंसं वाटतं. मोबाइल मशीनच्या टेबलावरून हलवा. दुसऱ्या खोलीत, उंच फळीवर, आवाज मोठा करून ठेवा म्हणजे गिऱ्हाइकाचा फोन चुकणार नाही. बाही लागली की उठा, दारात जा, लांबवर बघा, पाणी प्या. उलट्या लागलेल्या बाह्या मला अपुऱ्या झोपेच्या वाटतात. हात तुमचा बिघडलेला नाही.

गेम पुन्हा काढून टाकावा, असं मनात येत असेल. नको. तीनदा करून झालंय, आणि परत घ्यायला मिनिटसुद्धा लागत नाही हे तुम्हाला माहीत आहे. चौथ्यांदा परत घेतलात की स्वतःवरचा उरलासुरला विश्वासही जाईल. त्याला जागा नेमून द्या. जेवणं झाल्यावर संध्याकाळी एकदा, सगळ्यांसमोर, बाहेरच्या खोलीत बसून, अर्धा तास. गजर लावून. बहुतेक गेममध्ये पट जसा आहे तसा राहतो, उद्या उघडलात की तिथूनच पुढे. तुमच्यात तसं आहे ना ते एकदा बंद करून, उघडून बघून घ्या. गजर झाला की डाव अर्धा सोडताना जीव तुटेल, पहिले चार दिवस फार तुटेल. मला दोनच दिवसांत तुटायला लागला होता. तो अर्धा डाव दुसऱ्या दिवशी जागेवर सापडला की हळूहळू हाताला विश्वास बसतो.

मुलाला तुम्ही काय सांगायचं? खरं तेच. "बाबांच्या वेळी सुरू झालं, मला झोप येत नव्हती, आता कमी करतेय, माझा मोबाइल रात्री तू नेऊन ठेव." दहावीच्या मुलाला आई काही मागते तेव्हा तो बदलतो. तो तुम्हाला उलट बोलला, मला त्यात रागाइतकीच काळजीही ऐकू आली. त्या दोन रात्री तोही कुठेतरी जागाच असेल, नातेवाइकांकडे म्हणा, घरात एकटा म्हणा. त्यालाही विचारा.

आणि एक गोष्ट मला टाळता येत नाही. मशीन बिघडलं होतं, असं तुम्ही गिऱ्हाइकाला सांगितलंत. पूर्ण पत्रात मला खरा खटकला तो हा भाग. गेम खेळलात, जागलात, उशीर केलात, हे सगळं माणसाकडून होतं. पण खोटं बोललात की ते जपावं लागतं, आणि पुढच्या वेळी मशीन पुन्हा बिघडवावं लागतं. त्या बाईंच्या घरी लग्न होतं, हळदीला सकाळी ब्लाउज हातात पडेपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागला असणार. त्यांच्याकडे जा. मशीन ठीक होतं, माझ्याकडूनच उशीर झाला, घरच्या आजारपणानंतर माझं वेळापत्रक कोलमडलंय, असं सांगा. गेमचं नाव काढायची गरज नाही, तो तुमचा खासगी भाग आहे. त्या ब्लाउजच्या बाह्या उसवून नीट लावून द्या, त्याचे पैसे घेऊ नका. त्या दुसरीकडे शिवायला जायला लागल्या असतील तरी जा. तुमच्या लाजेपैकी बराचसा भाग या खोट्याचा आहे, गेमचा कमी, असा माझा अंदाज आहे.

राहिली तुमची ता. क. होतं. ८१९२ बऱ्याच जणांचं होतं, त्याच्या पुढेही लोक गेलेत. तुमचा ४०९६ झालाय म्हणजे पद्धत तुम्हाला अर्धी सापडलीच आहे. सगळ्यात मोठा ठोकळा खालच्या एका कोपऱ्यात बसवायचा आणि तिथून हलू द्यायचा नाही. खालची ओळ मोठ्याकडून लहानाकडे लावायची, तिच्यावरची ओळ उलट्या दिशेने, नागमोडी, म्हणजे शेवटच्या लहान ठोकळ्याच्या डोक्यावर त्याच्याहून लहान येतो आणि जुळत जुळत सगळं कोपऱ्याकडे ओढलं जातं. चाली तीनच ठेवायच्या, डावी, उजवी, खाली. खालची ओळ भरलेली असली आणि तिच्यात शेजारी-शेजारी सारखे आकडे नसले, की डावी-उजवीने ती हलत नाही, मोठा ठोकळा सुरक्षित राहतो. वर सरकवायची पाळी आलीच तर पुढची चाल लगेच खाली, मध्ये दुसरं काही नाही. वर सरकवल्यावर कोपऱ्यात २ येऊन बसला तर घाई करू नका, आधी त्या २ ला जोड्या जुळवत मोठा करा. दिवसाला अर्धा तास धरला तर एक ८१९२ चार-पाच दिवसांत होतो. झाला की पट मिस्टरांना दाखवा.